मॉक ड्रिल घ्यायचीच असेल तर रात्री अडीचला घ्या

आमच्या हॉस्पिटलची आगीची पहिली मॉक ड्रिल, म्हणजे तालीम, सकाळी अकराला झाली. आदल्या दिवशी नोटीस लागली, सगळे इस्त्रीचे ड्रेस घालून आले. एजन्सीच्या माणसाने पार्किंगमध्ये एका ट्रेमध्ये डिझेल पेटवलं, मोठ्या सरांनी आग विझवायच्या सिलिंडरची पिन ओढली, टाळ्या झाल्या, समोसे झाले, फोटो फाइलला लागले. त्या वेळी घरी झोपलेलं कोण होतं? रात्रपाळीच्या तीन सिस्टर, दोन मावश्या, वॉर्डबॉय आणि गेटवरचे काका.

मी नागपूरच्या धंतोलीतल्या एका पन्नास खाटांच्या हॉस्पिटलात नर्सिंग इन्चार्ज आहे. तळमजला आणि वर तीन मजले. भंडारा आमच्यापासून साठेक किलोमीटर. ९ जानेवारी २०२१ च्या रात्री तिथल्या जिल्हा रुग्णालयात नवजात बाळांच्या कक्षाला आग लागली; १७ बाळं होती, १० गेली. वेळ दीड-दोनची. दुसऱ्या दिवशी मी आमच्या एनआयसीयूच्या, म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता कक्षाच्या, सिस्टरला विचारलं, "तुझ्याकडे रात्री सहा बाळं असतात, तू एकटी. कोणतं आधी उचलशील?" ती म्हणाली, "मॅडम, असं काहून विचारता?" तिला उत्तर येत नव्हतं. मलाही येत नव्हतं. तेव्हापासून आम्ही तालीम रात्री घेतो. ती कशी घेतो, ते लिहिते. तुमची इमारत वेगळी असेल, त्याप्रमाणे फेरफार करा.

आधी एक फेरी

तालमीच्या आठवडाभर आधी रात्री साडेअकराला सगळ्या इमारतीत फिरा. हातात टॉर्च, सोबत वॉर्डबॉय. लाइट बंद करून फिरा, कारण आगीत सगळ्यात आधी लाइटच जाते. आमच्या पहिल्या फेरीत मागच्या जिन्यात सलाइनचे खोके, एक मोडकी व्हीलचेअर आणि कुणाची तरी सायकल निघाली. गच्चीच्या दाराला कुलूप. चाबी एका ड्रॉवरमध्ये, आणि त्या ड्रॉवरची चाबी सरांच्या घरी. प्रत्येक कुलपाची एक चाबी त्याच मजल्याच्या नर्सिंग स्टेशनवर खिळ्याला टांगलेली हवी, लाल फीत बांधून. चोरी होईल म्हणणाऱ्यांना म्हणा, होऊ द्या.

ही फेरी वर्षातून एकदा मारून भागत नाही. मार्च संपला की नागपूरचं कोणतंही हॉस्पिटल वेगळं दिसायला लागतं. खिडक्यांत कूलर बसतात, कॉरिडॉरमध्ये कूलर उभे राहतात आणि एकाच एक्स्टेन्शन बोर्डावर कूलर, सक्शन मशीन आणि नातेवाइकांचे चार चार्जर लटकतात. जानेवारीत मोकळी असलेली वाट एप्रिलमध्ये स्ट्रेचर जाणार नाही इतकी अरुंद झालेली असते. शिवाय आग लागल्यावर कूलर चालूच राहिला तर धूर तोच वॉर्डभर फिरवतो. म्हणून कूलर लागल्यावर दुसरी फेरी मारा, आणि प्रत्येक मजल्याचा मेन स्विच कुठे आहे ते मावशीला स्वतःच्या हाताने दाखवायला लावा. "माहीत आहे" हे उत्तर धरू नका.

आग प्रतिबंधाच्या कायद्याप्रमाणे जानेवारीत आणि जुलैत परवानाधारक एजन्सीचा फॉर्म बी, म्हणजे आगीची यंत्रणा चालू असल्याचा दाखला, घ्यावा लागतो. तो घ्याच. पण एजन्सी पंप आणि पाइप तपासते, तुमची माणसं तपासत नाही.

तालमीची रात्र

खऱ्या रुग्णांना हलवायचं नाही, हा पहिला नियम. रिकामी खोली निवडा, रुग्ण म्हणून स्टाफमधलीच माणसं झोपवा. आयसीयू आणि एनआयसीयूतून एकही सिस्टर तालमीसाठी उठणार नाही. त्यांची तालीम दिवसपाळीच्या माणसांना बदली बसवून वेगळी घ्यायची. संध्याकाळीच नातेवाइकांना तोंडी सांगा आणि १०१ च्या कंट्रोल रूमला कळवून ठेवा. आरएमओला (रात्रीच्या निवासी डॉक्टरांना) वेळ सांगा, बाकी कुणाला नको.

आग म्हणून आम्ही लाल ओढणी वापरतो. पहिल्या रात्री २०४ नंबरच्या खोलीत खुर्चीवर ओढणी टाकली आणि मी घड्याळ लावून उभी राहिले. मावशी आल्या, ओढणी पाहिली, "ही कोणाची ओढणी इथं लटकून राहिली बाप्पा?" म्हणाल्या आणि घडी करून कपाटात ठेवून गेल्या. चार मिनिटं त्यातच गेली. चूक माझी होती. लाल ओढणी म्हणजे आग, हे मी कुणाला सांगितलंच नव्हतं.

शिकवायला चार शब्द पुरतात: काढा, कळवा, कोंडा, विझवा. याच क्रमाने. ज्या खोलीत आग आहे तिथला माणूस आधी बाहेर काढा. मग मोठ्याने ओरडा, "कोड रेड, दुसरा मजला, २०४", तीनदा. मग खोलीचं दार लावून घ्या. लोक नेमकं हेच विसरतात. दार उघडं ठेवून पळालं की धूर कॉरिडॉरमध्ये येतो, आणि माणसं जळण्याआधी धुरानेच गुदमरतात. विझवणं शेवटी, आणि तेही आग कचऱ्याच्या डब्याएवढी असेल आणि तुमच्या पाठीशी बाहेर जायचं दार असेल तरच.

आग विझवायच्या सिलिंडरबद्दल दोनच गोष्टी. पावडरवाल्याला काटा असतो, तो हिरव्यात हवा. सीओटू (कार्बन डायऑक्साइड) वाल्याला काटा नसतो, म्हणून तो भरलेला आहे की नाही हे वजन करूनच कळतं. कुणी नुसतं बघून "ओके" लिहीत असेल तर ते खोटं आहे. सीओटूचा भोंगा हाताने धरू नका, थंडीने कातडी चिकटते. मशीनला लागलेल्या आगीवर सीओटूच मारायचा. कोणताही सिलिंडर जेमतेम पाव मिनिट चालतो. एकदा रिकामा झाला की विषय संपला, माणसं हलवायला लागा.

न चालणारी माणसं

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. सरळ खाली पळवायचं नाही. आधी त्याच मजल्यावर, आगीपासून दूर, मधल्या दाराच्या पलीकडे न्यायचं. दार लागलं की थोडा वेळ मिळतो. जिना त्यानंतर. लिफ्ट कधीच नाही.

आगीच्या सगळ्यात जवळचे आधी. बाकीच्यांत चालणारे पुढे, एका सिस्टरच्या मागे रांगेत, एकमेकांचा खांदा धरून. मग व्हीलचेअरचे. मग पलंगावरचे. हा क्रम सांगितला की नव्या मुलींना वाईट वाटतं, "म्हणजे सिरियस पेशंट शेवटी?" हो. एका सिरियस पेशंटला चार माणसं लागतात. तेवढ्यात वीस जण चालत बाहेर पडतात आणि वाट मोकळी होते.

पलंगावरच्या माणसाला चादरीवर ओढून न्यायचं. अंगाखालची चादर चारही बाजूंनी गुंडाळा, दोघांनी डोक्याकडच्या बाजूला धरून त्याला जमिनीवर उतरवा आणि फरशीवरून ओढा. वाकलेल्या पाठीने ओढू नका, गुडघ्यात वाका, नाही तर दुसऱ्या दिवशी सुट्टीचे अर्ज येतील. आमचे एक डॉक्टर नव्वद किलोंचे आहेत आणि हौसेने रुग्ण होतात. त्यांना दोन सिस्टरनी कॉरिडॉरच्या टोकापर्यंत नेलं, तेव्हा कुठे सगळ्यांचा विश्वास बसला. पायऱ्यांवरून मात्र हे मनाने करू नका. फायर स्टेशनच्या माणसाला बोलावून त्याच्यासमोर शिका. नागपूरकरांना याची सोय मोठी आहे: राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालय आणि राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची (एनडीआरएफ) अकादमी, दोन्ही याच शहरात आहेत, देशभरातले अधिकारी इथे शिकायला येतात. कुणीही आलं तर केबिनमध्ये चहा पाजण्याआधी त्यांना मागच्या जिन्यात न्या.

बाळांसाठी आम्ही जाड कापडाचे पुढे-मागे खिसे असलेले ॲप्रन शिवून घेतले. एका सिस्टरला चार बाळं नेता येतात. दाराशेजारीच टांगलेले असतात, कपाटात नाही. "कोणतं आधी?" याचं उत्तर म्हणून ते शिवले.

ऑक्सिजनचा झोन व्हॉल्व, म्हणजे त्या मजल्याची ऑक्सिजनची लाइन बंद करायची कळ, प्रत्येक मजल्यावर असतो. तो बंद करायचा निर्णय त्या मजल्याच्या इन्चार्ज सिस्टरचा, बाकी कुणाचा नाही, आणि आधी त्या लाइनवरचे रुग्ण ऑक्सिजनच्या सिलिंडरवर किंवा अम्बू बॅगवर (हाताने दाबून श्वास द्यायच्या पिशवीवर) घेतल्यावरच. मोठ्या माणसाला अम्बू दर सहा सेकंदांनी एकदा. घाबरलेला माणूस दर दोन सेकंदांनी दाबतो, म्हणून मनात आकडे मोजायला शिकवा. बी टाइप सिलिंडरमध्ये साधारण १५०० लिटर ऑक्सिजन असतो. मिनिटाला १० लिटर लावला तर अडीच तास, काटा अर्ध्यावर असेल तर सव्वा तास. हा हिशेब सिलिंडरवरच रंगवून ठेवा. आणि सिलिंडर उघडायची चाबी साखळीने त्यालाच बांधा, कारण ती नेहमी शेजारच्या वॉर्डात गेलेली असते.

बाहेर जमल्यावर मोजणी. दर रात्री दहाला प्रत्येक मजल्याचा आकडा एका चिठ्ठीवर लिहून गेटवरच्या काकांकडे जातो: किती रुग्ण, किती नातेवाईक, किती स्टाफ. कॉम्प्युटर बंद पडल्यावर हीच चिठ्ठी कामाला येते.

एकदम वीस जखमी आले तर

शहराभोवती समृद्धी महामार्ग, कोळसा खाणी, स्फोटकांचे कारखाने. १७ डिसेंबर २०२३ ला बाजारगावच्या कारखान्यात स्फोट होऊन ९ कामगार गेले. मोठी घटना म्हटली की सगळे मेडिकल आणि मेयो या मोठ्या सरकारी रुग्णालयांकडे बोट दाखवतात, पण जीपमध्ये घालून आणणारा माणूस वाटेतल्या पहिल्या हॉस्पिटलच्या बोर्डापाशी थांबतो.

त्यासाठी चार रंगांच्या फितींचे रीळ आणून कॅज्युअल्टीत (तातडीच्या विभागात) ठेवा: लाल म्हणजे आत्ता लगेच, पिवळी म्हणजे थोडं थांबू शकेल, हिरवी म्हणजे किरकोळ, काळी म्हणजे गेलेला. दारात एकच अनुभवी माणूस उभा राहील आणि उपचार करणार नाही, फक्त फीत बांधेल. एका माणसाला अर्धा मिनिट. चालता येतं ते सगळे हिरवे, समोरच्या भिंतीकडे. श्वास नाही, मान सरळ करूनही येत नाही, तो काळा. मान सरळ केल्यावर आला तर लाल. श्वास मिनिटाला ३० च्या वर, लाल. नख दाबून सोडल्यावर रंग परतायला दोन सेकंदांपेक्षा जास्त लागतात, लाल. "माझा हात दाबा" म्हटल्यावर दाबत नाही, लाल. उरलेले पिवळे. डॉक्टरांना हे काम देऊ नका, असं माझं मत आहे. ते पहिल्याच रुग्णापाशी टाके घालायला बसतात.

गेटवरच्या काकांचं काम डॉक्टरांइतकंच महत्त्वाचं आहे. धंतोलीच्या गल्ल्या तुम्हाला माहीत आहेत. गेटसमोरच्या दुचाक्या हलवणं, गाड्या एकाच दाराने आत घेणं, नातेवाइकांना एका जागी बसवणं, हे त्यांना दोनदा तरी करून पाहू द्या.

पुराचं आणि उन्हाचं थोडक्यात. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडून मोरभवन बसस्थानकात गाड्या बुडाल्या. तुमचं जनरेटर किंवा औषधांचा साठा तळघरात असेल तर पावसाळ्याआधी वर हलवा. उष्माघाताचा रुग्ण, म्हणजे ताप ४० अंशांच्या वर आणि बडबड, आला की आधी थंड करा, कागद नंतर. पॅरासिटामॉलचा इथे उपयोग नाही. पाणी, पंखा, बर्फ. मे महिन्यात बर्फाच्या लाद्या कुठून येणार ते एप्रिलमध्येच ठरवून ठेवा.

तालीम संपल्यावर

पंधरा मिनिटांच्या आत, त्याच कॉरिडॉरमध्ये, उभ्या-उभ्या बोला. सकाळवर ढकललं की सगळे शहाणे होऊन येतात. सगळ्यात आधी मावशींना विचारा, मग वॉर्डबॉय, मग सिस्टर, डॉक्टर शेवटी. उलट केलं तर डॉक्टर बोलून झाल्यावर मावशी "बरोबर आहे" म्हणतात आणि संपतं. रागवायचं नाही. एका वहीत फक्त तीन दुरुस्त्या लिहा, प्रत्येकीपुढे नाव आणि तारीख. दहा लिहिल्या तर एकही होत नाही.

तिसऱ्या तालमीत ओढणीवाल्या मावशी सगळ्यात आधी बोलल्या. "मॅडम, मागच्या दाराची कडी वर आहे. माझा हातच नाही पुरत. मी दरवेळी स्टूल शोधून राहते." त्यांची उंची पाच फूटसुद्धा नाही. रात्री मागच्या दाराशी बहुतेक त्याच असतात, आणि दोन तालमी होऊन गेल्या तरी कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी सुतार आला आणि कडी हातभर खाली बसली.