अर्थशास्त्र आणि आर्थिक इतिहास एकत्र कसे अभ्यासावेत : सातारा-सांगलीच्या विद्यार्थ्यांसाठी

अर्थशास्त्र घेऊन पदवी करणाऱ्या विद्यार्थ्याची आर्थिक इतिहासाशी गाठ पडते ती बहुधा भारतीय अर्थव्यवस्थेच्या पेपरात, पहिल्याच प्रकरणात. तिथेही ब्रिटिश काळातील संपत्तीचे अपहरण, म्हणजे देशाबाहेर गेलेला पैसा, रेल्वे आणि दुष्काळ चार पानांत उरकून पंचवार्षिक योजनांकडे वळण्याची घाई असते. इतिहासाच्या विद्यार्थ्याची गत याच्या उलट असते. त्याला रयतवारी, म्हणजे शेतकऱ्याकडून थेट सारा घेण्याची पद्धत, पाठ असते, पण सारा वाढला आणि धान्याचा भाव उतरला तर कर्जाचा बोजा किती पटींनी वाढतो, असे विचारले की तो अडतो. हे दोन विषय शेजारी शेजारी ठेवून दोन वेगळ्या परीक्षा देणे म्हणजे त्यांचा एकत्र अभ्यास नव्हे. एकच प्रश्न घेऊन त्याचे उत्तर दोन्ही बाजूंनी काढण्याची सवय पदवीच्या पहिल्या वर्षापासून लावून घेतली, तरच या जोडीचा उपयोग होतो.

प्रवेश घेताना

राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार आता पदवीला एक मुख्य आणि एक दुय्यम विषय, म्हणजे मेजर आणि मायनर, घेता येतो. शिवाजी विद्यापीठाशी संलग्न महाविद्यालये असोत किंवा साताऱ्याचे कर्मवीर भाऊराव पाटील विद्यापीठ असो, कोणती जोडी प्रत्यक्षात मिळेल हे वेळापत्रक, शिक्षकांची संख्या आणि विद्यार्थ्यांचा प्रतिसाद यांवर अवलंबून असते. म्हणून अर्ज भरण्यापूर्वी दोन्ही विभागांत स्वतः जाऊन विचारावे. माहितीपत्रकातील तक्त्यावर विसंबू नये.

निवड करता येत असेल तर अर्थशास्त्र मुख्य आणि इतिहास दुय्यम घ्यावा, असे माझे मत आहे. त्याचे कारण अगदी व्यावहारिक आहे. इतिहासाचे वाचन पुढे कधीही वाढवता येते, पण कलनशास्त्र, संख्याशास्त्र आणि प्रतिगमन विश्लेषण (रिग्रेशन) वयाच्या पंचविशीनंतर एकट्याने शिकणे फार थोड्यांना जमते. बारावीला गणित सोडलेल्या विद्यार्थ्याने पहिल्या वर्षीच ते पुन्हा हाती घ्यावे. पुढे पदव्युत्तर शिक्षणासाठी पुणे, दिल्ली किंवा परदेश गाठायचा असेल, तर हीच पहिली गाळणी असते. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये आर्थिक इतिहासाचा स्वतंत्र विभाग आहे आणि तिथेही अर्थशास्त्राबरोबर हा विषय घेणाऱ्याकडून गणिताची अपेक्षा असतेच.

याच संस्थेत १९२३ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी रुपयाच्या प्रश्नावरील प्रबंधासाठी डी.एस्सी. मिळवली. त्यांच्या शालेय शिक्षणाची सुरुवात साताऱ्यात झाली, हे आपल्याकडे सर्वांना ठाऊक असते. त्या प्रबंधाची मांडणी मात्र फार थोड्यांनी वाचलेली असते. ती जरूर वाचावी, कारण या जोडविषयाचा इतका चांगला नमुना दुसरा सापडणे कठीण आहे. चलनाचा सिद्धान्त आणि हिंदुस्थानच्या चलनाचा इतिहास यांची तिथे वेगवेगळी प्रकरणे पाडलेली नाहीत. चांदी घसरल्यावर रुपयाचे काय झाले, १८९३ साली टाकसाळी लोकांच्या चांदीसाठी का बंद केल्या, सुवर्ण विनिमय पद्धतीत, म्हणजे रुपयाचा दर सोन्याच्या चलनाशी बांधण्याच्या व्यवस्थेत, सरकारच्या हाती किती मोकळीक राहिली, या घटनाक्रमातूनच रुपयाच्या क्रयशक्तीचे स्थैर्य विनिमय दराच्या स्थैर्याहून महत्त्वाचे का, हा युक्तिवाद उभा राहतो. न्यायमूर्ती रानड्यांनी १८९२ साली पुण्याच्या डेक्कन कॉलेजात दिलेले भारतीय अर्थशास्त्रावरील व्याख्यानही याच्या जोडीला वाचावे. इंग्लंडमधील परिस्थितीवरून काढलेले निष्कर्ष सर्व देशांना आणि सर्व काळांना लागू धरता येत नाहीत, ही त्यांची हरकत आजही वर्गात मांडण्यासारखी आहे.

एक प्रश्न धरून दोन्ही बाजूंनी

अभ्यासक्रमातील प्रत्येक सैद्धान्तिक घटकाला एक ऐतिहासिक प्रसंग जोडून ठेवावा. पुरवठ्याची लवचीकता शिकताना १८६१ ते १८६५ या काळातील अमेरिकी यादवी युद्धामुळे आलेली कापसाची तेजी, पैशाचे मूल्य शिकताना १८७३ नंतरची रुपयाची घसरण, खंड आणि बटाईचा सिद्धान्त शिकताना १९४८चा कूळकायदा. साठवणुकीचा खर्च आणि वायदे शिकताना सांगलीची हळद आणि हरिपूरची पेवे डोळ्यांसमोर असतातच. जमिनीखालच्या या पेवांत हळद दीर्घकाळ टिकत असे, त्यामुळे आज विकायची की थांबायचे हा निर्णय व्यापाऱ्याच्या हाती राहत असे. २००५च्या महापुराने त्या व्यवस्थेचे मोठे नुकसान केले. साठवणुकीचे असे साधन हातचे गेले तर हंगामातील आणि हंगामानंतरच्या भावांतील अंतराचे काय व्हावे, हा प्रश्न प्राध्यापकांनी विचारण्याची वाट पाहू नये.

ही जोडणी प्रत्यक्षात कशी करावी, हे एका उदाहरणावरून सविस्तर पाहू. मे १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांवर चाल करून कर्जरोखे आणि वह्या जाळल्या आणि हे लोण पुणे व अहमदनगर जिल्ह्यांत पसरले. सरकारने आयोग नेमला आणि १८७९ साली दख्खन शेतकरी साहाय्य कायदा आणला. तो सुरुवातीला पुणे, अहमदनगर, सोलापूर आणि सातारा या चार जिल्ह्यांना लागू होता. रोख्यावर लिहिलेली रक्कम प्रमाण न मानता मूळ व्यवहाराच्या इतिहासात शिरण्याचा अधिकार या कायद्याने न्यायालयाला दिला. कर्जापायी शेतकऱ्याला होणारी अटक थांबवली आणि खास गहाण न टाकलेली जमीन जप्तीतून वगळली.

इतके वाचून झाल्यावर इतिहासाची टिपणे बाजूला ठेवावीत आणि कोऱ्या कागदावर केवळ सिद्धान्ताच्या आधारे भाकीत लिहावे. कर्ज वसूल करणे कठीण झाले, तर धनको काय करील? तो एक तर कमी लोकांना कर्ज देईल, नाही तर व्याज वाढवील किंवा कराराचे स्वरूपच बदलून कायद्याच्या कक्षेबाहेर पडेल. पत कोणाची आटेल? ज्याच्याकडे गहाण ठेवण्यासारखे काही नाही, त्याची आधी. आता पुन्हा इतिहासाकडे यावे. नंतरच्या सरकारी अहवालांत असे दिसते की गहाणखताऐवजी सरळ खरेदीखत लिहून घेऊन जमीन परत देण्याचे तोंडी ठरवायचे, अशी वाट सावकारांनी काढली. तिसरे भाकीत खरे ठरल्याचे हे चिन्ह आहे. पहिल्या दोहोंबद्दल मात्र पुरावा तपासावाच लागतो, कारण पत आटली अशी तक्रार करणाऱ्यांत सावकारही होते आणि त्या तक्रारीत त्यांचे हितसंबंध गुंतलेले होते.

यापुढची पायरी अर्थमितीची, म्हणजे आकड्यांनी सिद्धान्त तपासण्याची, आहे आणि तिच्यासाठी आपला प्रदेश विलक्षण सोयीचा आहे. आजच्या सांगली जिल्ह्यातील वाळवा, तासगाव आणि खानापूर हे तालुके त्या वेळी ब्रिटिश सातारा जिल्ह्यात होते, तर सांगली, मिरज आणि जत ही संस्थाने होती आणि आटपाडी औंध संस्थानात होती. म्हणजे एकाच कृष्णाकाठी, जवळपास सारख्या जमिनीत, काही गावांना हा कायदा लागू होता आणि काहींना नव्हता. कायद्याआधीचा आणि नंतरचा फरक एका गटात मोजायचा, तोच दुसऱ्या गटात मोजायचा आणि दोन्ही फरकांची वजाबाकी करायची, ही पद्धत तिसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही समजते. येथेच इतिहासाच्या अभ्यासाने आवर घालावा लागतो. संस्थानांत न्यायालये वेगळी होती, सारा वेगळा होता, दप्तर ठेवण्याची रीतही वेगळी होती. त्यामुळे दिसलेला फरक एकट्या कायद्याचाच आहे असे म्हणता येत नाही. हा आक्षेप ज्याला स्वतःहून सुचतो, त्याचे दोन्ही विषय एकत्र आले असे समजावे.

अलीकडच्या संशोधनातही हीच रीत दिसते. अभिजित बॅनर्जी आणि लक्ष्मी अय्यर यांनी २००५ साली जमीनदारी आणि बिगरजमीनदारी जिल्ह्यांची तुलना करून दाखवले की जमीनदारी असलेले भाग स्वातंत्र्यानंतरही शेतीतील गुंतवणुकीत आणि उत्पादकतेत मागे राहिले. या मांडणीत आपला भाग रयतवारीत मोडतो. पण सातारा जिल्ह्यात इनाम गावे, म्हणजे ज्यांचा सारा इनामदाराला मिळे अशी गावे, कितीतरी होती, ती नकाशावरील एका रंगाखाली झाकली जातात, एवढे येथल्या विद्यार्थ्याने ध्यानात ठेवावे. डेव्ह डोनाल्डसन यांनी रेल्वेचा परिणाम मोजताना मिठाचे भाव वापरले. मीठ मोजक्या ठिकाणीच पिकते, म्हणून उत्पादनाच्या जागेचा भाव आणि दूरच्या जिल्ह्यातील भाव यांतील अंतरावरून वाहतुकीचा खर्च कळतो. ही युक्ती समजली की जुन्या भावपत्रकाकडे पाहण्याची नजरच बदलते.

आकडे हाताळताना

साताऱ्याचा १८८५ सालचा इंग्रजी गॅझेटिअर हे पहिले साधन होय. त्यातील शेती, भांडवल आणि व्यापार ही प्रकरणे आधी वाचावीत. सावकारी, व्याजाचे दर, मजुरी, भाव आणि वजनेमापे यांची माहिती तिथे एकत्र मिळते. त्यानंतर जमाबंदीचे अहवाल, जनगणना आणि दुष्काळ आयोगांचे अहवाल घ्यावेत.

जुने भाव बहुधा 'रुपयाला इतके शेर' असे दिलेले असतात. आकडा वाढला म्हणजे स्वस्ताई आणि घटला म्हणजे महागाई, हे पहिल्या वाचनात निसटते. सरासरी काढताना तर हमखास चूक होते. एका वर्षी ज्वारी रुपयाला २० शेर आणि दुसऱ्या वर्षी १० शेर असेल, तर १५ शेर ही सरासरी धरल्यास ४० शेरांच्या मणाला सुमारे २ रुपये ११ आणे पडतात. प्रत्यक्षात पहिल्या वर्षी मण २ रुपयांना आणि दुसऱ्या वर्षी ४ रुपयांना होता, म्हणजे सरासरी ३ रुपये. म्हणून आधी प्रत्येक आकडा रुपये-मणात बदलून घ्यावा आणि मगच सरासरी काढावी. मणही सर्वत्र सारखा नसे. सरकारी मण सुमारे ३७.३ किलोचा होता, तर मुंबईचा जुना मण त्याहून पुष्कळ लहान होता. पायली आणि अधोली तर बाजारागणिक बदलत. कोणते माप आहे हे नक्की होत नसेल, तर तो आकडा मालिकेत घेऊ नये.

उत्पादनाच्या आकड्यांबाबत अधिक सावध राहावे लागते. पेरणीचे क्षेत्र, प्रमाण उतारा आणि हंगामाचा आण्यांतील अंदाज, म्हणजे आणेवारी, यांच्या गुणाकारातून ते काढले जात. क्षेत्राची नोंद बरीच भरवशाची असते, कारण सारा त्यावर ठरे. आणेवारीचा अंदाज मात्र सारामाफीशी जोडलेला होता आणि तो कमी दाखवण्यात गावाचे हित होते. आजही पैसेवारी, म्हणजे आणेवारीचेच आजचे रूप, जाहीर झाल्यावर माण-खटाव किंवा जत-आटपाडीकडे जी ओरड होते, ती ज्याने ऐकली आहे त्याला हे वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही. जुन्या मालिकेत दर एकरी उतारा घसरत गेलेला दिसला, तर तो जमिनीचा कस उतरल्यामुळे की अंदाज करणाऱ्याचा हात आखडल्यामुळे, हे आधी ठरवावे.

दुष्काळाचा अभ्यास करताना धान्य किती पिकले यावरच थांबू नये. अमर्त्य सेन यांनी १९८१ साली मांडलेला हक्कदारीचा विचार लावून, धान्य विकत घेण्याची ऐपत कोणाची गेली हे शोधावे. १८७७ साली सरकारी दुष्काळी कामांवरची मजुरी कमी करण्यात आली, तेव्हा मुंबई इलाख्यात मजुरांनी कामे सोडली. १९७२च्या दुष्काळात लाखो हातांना दिलेले काम आणि त्यातून पुढे कायद्यात आलेली रोजगार हमी योजना यांची त्याच्याशी तुलना करावी. या योजनेचे प्रणेते वि. स. पागे हे तासगाव तालुक्यातील विसापूरचे होते.

भाषा, लेखन आणि प्रकल्प

बहुतेक साधने इंग्रजीत आहेत, त्यामुळे रोज थोडे इंग्रजी वाचन अटळ आहे. टिपणे मात्र मराठीत काढावीत, कारण जी गोष्ट आपल्या भाषेत सांगता येत नाही ती बहुधा समजलेली नसते. परिभाषेसाठी वाईहून संपादित झालेल्या मराठी विश्वकोशातील अर्थशास्त्रावरील नोंदी उपयोगी पडतात. ब्रिटिश काळावर काम करणाऱ्याला मोडी लिपी आली नाही तरी चालते. पेशवाई किंवा संस्थानी दप्तरांकडे वळायचे असेल तर ती शिकावीच लागते.

चौथ्या वर्षाच्या संशोधन प्रकल्पासाठी विषय निवडताना आधी साधने पाहावीत आणि मग शीर्षक ठरवावे. 'सातारा जिल्ह्याचा आर्थिक विकास' असला विषय कोणी सुचवला तरी घेऊ नये. एक तालुका, एक पीक किंवा एक कायदा आणि वीस-तीस वर्षांचा काळ पुरेसा असतो. मार्गदर्शक एका विभागाचे असले तरी दुसऱ्या विभागातील प्राध्यापकांना पहिला आराखडा वाचायला द्यावा आणि त्यांचे आक्षेप लेखी घ्यावेत. पुण्याच्या पुराभिलेखागारात जायचे असेल तर विभागप्रमुखांचे शिफारसपत्र आणि ओळखपत्र बरोबर ठेवावे. कोणत्या वर्षांची, कोणत्या तालुक्याची कागदपत्रे हवीत याची यादी आधी करून न्यावी आणि पाहिलेल्या प्रत्येक कागदाचा दप्तर क्रमांक त्याच दिवशी वहीत उतरवावा.