हलगीवादकाचा फोटो असा काढा, की माणूस दिसेल

सोलापुरातल्या कुठल्याही मिरवणुकीचे फोटो पाहा. गायकाचा असेल तर चेहरा असतो, खाली नाव असतं. हलगीवाल्याचा असेल तर नुसते हात, गुलाल आणि मागची गर्दी. हे मला मनापासून खटकतं. कार्यक्रमाची सुपारी देणारा आधी फोटो बघतो, वाजवणं नंतर ऐकतो.

म्हणून कॅमेरा हातात घेण्याआधी एक गोष्ट ठरवा: या माणसाचं काय दिसायला हवं? जोर, की हातातली सफाई? दोन्ही एका फोटोत आणायला जाऊ नका. हर्मन लिओनार्ड या छायाचित्रकाराने १९४८ मध्ये न्यूयॉर्कच्या एका क्लबात डेक्स्टर गॉर्डन या सॅक्सोफोनवादकाचा फोटो काढला. दिवा मागे ठेवल्यामुळे सिगारेटचा धूर उजळून निघाला. जॅझ म्हणजे रात्र, धूर आणि एकटेपण, ही प्रतिमा लोकांच्या मनात बसवण्यात अशा फोटोंचा मोठा वाटा आहे.

आता जागा आणि वेळ. सिद्धेश्वर तलावाच्या काठी सूर्य उगवल्यावर तासाभरात पोहोचा. ऊन तिरपं असतं, चेहऱ्याची एक बाजू उजळते. दहानंतर आपलं सोलापुरी ऊन डोक्यावर येऊ लागतं आणि डोळ्यांच्या खोबणी काळ्या पडतात. तेव्हा भुईकोट किल्ल्याच्या तटाची सावली गाठा. मागे काळसर दगड असला की नजर आपोआप चेहऱ्यावर जाते.

जोर दाखवायचा असेल तर गुडघ्यावर बसून कमरेच्या उंचीवरून फोटो घ्या, माणूस भारदस्त दिसतो. जवळीक हवी असेल तर कॅमेरा त्याच्या डोळ्यांच्या रेषेत ठेवा. मोबाईल तोंडाजवळ नेऊ नका, नाक मोठं येतं. चार पावलं मागे सरा आणि दुप्पट झूम करा. कॅमेरा असेल तर ८५ मिमीची लेन्स उत्तम.

खरी कसोटी शटरची, म्हणजे कॅमेरा किती वेळ उजेड आत घेतो त्याची. १/१००० सेकंद ठेवलात तर काडी हवेत गोठते आणि हलगी मुकी वाटते. १/६० ठेवा: हात पुसट होतो, चेहरा स्थिर राहतो, ठेका डोळ्यांना दिसतो. पंचवीस-तीस फोटोंतून एखादाच साधेल, तेवढे काढाच. 'पोझ द्या' म्हणू नका, वाजवायला सांगा.

वाजवण्याआधी कातडं ताणलं जावं म्हणून हलगी विस्तवावर शेकतात. तो क्षण चुकवू नका. व्हाइट बॅलन्स, म्हणजे फोटोतल्या रंगांची छटा ठरवणारी सेटिंग, ऑटोवर न ठेवता ५५०० केल्व्हिनच्या आसपास ठेवा, म्हणजे विस्तवाचा तांबूसपणा चेहऱ्यावर टिकतो. फ्लॅश नकोच.

हुतात्मा स्मृती मंदिरासारख्या रंगमंचावर एलईडी दिव्यांमुळे फोटोत पट्टे आले, तर शटर १/५० किंवा १/१०० करा.

एक कळकळीची विनंती: मोबाईलचा ब्युटी मोड बंद ठेवा. उन्हात रापलेला रंग गोरा करून आपण त्याचा चेहराच पुसतो. उजेड मोजण्यासाठी मोबाईलच्या पडद्यावर बोट टेकवताना ते हलगीच्या पांढरट कातड्यावर नाही, वादकाच्या गालावर टेकवा.

शेवटी त्याला दोन-तीन फोटो दाखवा आणि निवड त्याला करू द्या. फोटोखाली पूर्ण नाव आणि गाव टाका. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवताना डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर फोटो दबतो आणि फ्लेक्सवर फाटतो.