माजाआधीची कालवड : वही कशी भरायची

एम.व्ही.एस्सी.ला (पशुवैद्यकातली पदव्युत्तर पदवी) गायनॅक, म्हणजे जनावरांचं प्रजननशास्त्र, घेतलं आणि विषय मिळाला माजावर न आलेल्या कालवडींतली फॉलिकलची, म्हणजे बीजांडकोशातल्या बीज असलेल्या पाणीदार फोडांची, वाढ. मित्र हसले, "जिथं काही घडतच नाही, तिथं रोज काय बघणार?" खरं तर मलाही तसंच वाटत होतं. पहिल्याच आठवड्यात आठ महिन्यांच्या एका संकरित कालवडीत सोनोग्राफीवर ९ मिमीचं काळंभोर वर्तुळ दिसलं आणि मी वहीत ठोकून दिलं : चक्र सुरू. सरांनी वही पाहून एवढंच विचारलं, "सीएल कुठंय?" सीएल म्हणजे कॉर्पस ल्युटियम, बीज सुटल्यावर त्याच जागी तयार होणारी गाठ. ते नव्हतंच.

मोठं फॉलिकल म्हणजे माज नव्हे, हे मला असं कळलं. कॅनडात सास्काटूनच्या संशोधकांनी १९९४ मध्ये हेरेफर्ड कालवडींवर दाखवलं होतं की अगदी दोन आठवड्यांच्या वासरातही फॉलिकलच्या लाटा येतात. एफएसएच (फॉलिकल वाढवणारं संप्रेरक) वाढतं, लहान फॉलिकलचा घोळका उठतो, त्यातलं एक पुढं निघतं, बाकीची विरतात. मग ते पुढचंही विरतं, कारण बीज सुटण्याइतका एलएचचा (बीज सोडवणाऱ्या संप्रेरकाचा) जोर नसतो. या वयात मेंदू इतका हळवा असतो की फॉलिकलमधून येणाऱ्या किंचित इस्ट्रोजेननंही एलएचला लगाम बसतो. वय आणि वजन वाढतं तसा तो लगाम सैल पडतो, एलएचचे ठोके जवळजवळ येतात, फॉलिकल जास्त मोठं होतं, जास्त टिकतं.

म्हणून एका दिवसाच्या तपासणीवर काही लिहू नका. रोज, ठरल्या वेळी, डाव्या आणि उजव्या बीजांडकोशाचं वेगवेगळं चित्र वहीत काढा. चित्र वाईट आलं तरी चालेल. कालचं ६ मिमीचं आज कुठं गेलं, हे चित्रावरूनच कळतं, आकड्यांच्या यादीवरून नाही.

लहान वासरात गुदमार्गातून हात घालायचा हट्ट नको. सोनोग्राफीचा प्रोब गुळगुळीत, कडक दांडीला घट्ट बांधून, भरपूर जेल लावून हलकेच आत न्यायचा. शेण आधी काढलेलं हवं. रक्त दिसलं की त्या दिवसाचं काम बंद, नोंद बुडाली तरी. (माझ्या अशा दोन नोंदी बुडाल्या. व्हायवाला त्यावर कुणी काही विचारलं नाही.) छातीचा घेर दर आठवड्याला टेपनं मोजा, त्यावरून वजनाचा अंदाज येतो; वयापेक्षा वजन जास्त बोलतं. रक्ताचे नमुनेही ठेवा, सीएलमधून येणाऱ्या प्रोजेस्टेरॉनशिवाय सीएलचा दावा लंगडा.

माझी तीच कालवड पुढं बऱ्याच महिन्यांनी माजावर आली. गोठ्यातल्या मामांनी सोट (माजात लोंबणारा चिकट स्राव) बघून आवाज दिला, "डॉक्टर, पहिला माज धरला बघा!" मी वही उघडली. नऊ दिवसांपूर्वी उजवीकडचं मोठं फॉलिकल एका रात्रीत नाहीसं झालं होतं, तिथं छोटंसं सीएल येऊन विरलंही होतं. पहिला माज मुकाच, बाहेर खूण न दाखवता, गेला होता.