आरमधील ‘अप्लाय’ : कोणती मिती राखायची, ते आधी ठरवा

संख्याशास्त्रीय कामासाठीच्या आर या प्रोग्रॅमिंग भाषेतील ‘अप्लाय’ हे फंक्शन ॲरेचे, म्हणजे ओळी, स्तंभ अशा मितींत मांडलेल्या आकड्यांच्या संचाचे, काप पाडते आणि प्रत्येक कापावर आपण सांगू ते फंक्शन चालवते. त्याला ॲरे, मितीचा क्रमांक आणि फंक्शन या तीन गोष्टी याच क्रमाने द्याव्या लागतात. गफलत होते ती दुसऱ्या जागी, कारण तिथे लिहिलेला क्रमांक उत्तरात शिल्लक राहणाऱ्या मितीचा असतो. पायथन भाषेच्या नमपाय या आकडेमोडीच्या लायब्ररीत बेरीज करताना ‘ॲक्सिस’ म्हणून सांगितलेली मिती नाहीशी होते. तिथून येणाऱ्यांनी हा उलटा संकेत पक्का ध्यानात ठेवावा.

सरावासाठी आरसोबतच मिळणारा ‘यूसीबीॲडमिशन्स’ हा संच घ्यावा. त्यात 1973 साली बर्कलेच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातील सहा मोठ्या विभागांकडे पदव्युत्तर प्रवेशासाठी आलेल्या 4526 अर्जांची आकडेवारी आहे. पहिली मिती निर्णयाची (प्रवेश की नकार), दुसरी लिंगाची आणि तिसरी विभागाची आहे.

दुसऱ्या जागी 3 आणि तिसऱ्या जागी बेरीज करणारे ‘सम’ दिल्यास विभागवार सहा बेरजा मिळतात. त्याऐवजी 1 आणि 2 या दोन्ही मिती राखल्या, तर सर्व विभाग एकत्र होऊन 2691 पुरुषांपैकी 1198 आणि 1835 स्त्रियांपैकी 557 जणींना प्रवेश मिळाल्याचे, म्हणजे सुमारे 45 आणि 30 टक्के असे प्रमाण दिसते. एवढ्यावर निष्कर्ष काढू नये. 2 आणि 3 या मिती राखून, कापातील प्रत्येक आकड्याला त्या कापाच्या बेरजेने भागणारे छोटे फंक्शन द्यावे. मग पहिल्याच विभागात पुरुषांचे प्रमाण 62, तर स्त्रियांचे 82 टक्के निघते, आणि सहापैकी चार विभागांत स्त्रियाच पुढे असल्याचे कळते. ज्या विभागांत प्रवेश मिळणे अवघड होते, तिथे स्त्रियांचे अर्ज तुलनेने अधिक होते, म्हणून एकत्रित चित्र उलटे दिसले. कोणती मिती मिटवायची, हा माझ्या मते कोड लिहिण्यापूर्वी सोडवायचा संख्याशास्त्रीय प्रश्न आहे.

फंक्शन एकाहून अधिक आकडे परत करत असेल, तर त्यांची मिती उत्तरात पहिली येते. त्यामुळे 4 ओळी आणि 3 स्तंभांच्या मॅट्रिक्सची प्रत्येक ओळ तिच्या बेरजेने भागली, की उत्तर 3 ओळी आणि 4 स्तंभांचे मिळते. ते ओळी आणि स्तंभांची अदलाबदल करणाऱ्या ‘टी’ने सरळ करावे. अधिक मितींसाठी मितींचा क्रम बदलणारे ‘एपर्म’ आहे.

डेटा फ्रेमवर, म्हणजे ज्याच्या स्तंभांत वेगवेगळ्या प्रकारची माहिती असू शकते अशा तक्त्यावर, मात्र ‘अप्लाय’ टाळावे, कारण ते आधी तिचे मॅट्रिक्स करते आणि एक जरी स्तंभ मजकुराचा असला, तरी सगळे आकडे मजकूर बनतात. तिथे स्तंभागणिक काम करणारे ‘सॅप्लाय’ वापरावे.