जुन्या गाडीची लाईट मधेच जाते? आधी अर्थिंग बघा

खड्ड्यात गेली की लाईट मंद, हॉर्न बंद, परत आपोआप चालू, असं होत असेल तर लगेच बॅटरी बदलू नका. अर्थिंग म्हणजे बॅटरीच्या मायनसपासून इंजिन आणि बॉडीला जाणारी वायर, आपल्या खानापूरकडच्या पावसात तिचे बोल्ट पहिले गंजतात. मल्टीमीटर २० व्होल्ट डीसीवर लावा, एक पिन बॅटरीच्या मायनसला, दुसरी इंजिनच्या उघड्या लोखंडाला, गाडी न्यूट्रलला ठेवून कुणाला तरी स्टार्टर मारायला सांगा, आकडा ०.५ व्होल्टच्या वर गेला तर अर्थिंगच खराब. माझ्या जीपची अर्थिंगची वायर वरून नवी दिसायची, रबर सोललं तर आत तांब्याची हिरवी पावडर. बोल्ट आणि वायरची टोकं पॉलिश पेपरनं घासून घट्ट आवळा. तरी नाही गेलं तर लाईट लावून वायरिंग वीतभर वीतभर हलवत जा, लुकलुकली तिथंच फॉल्ट. आणि फ्यूज मोठा घालू नका, वायर जळते.