आरसी रेसिंग: नियम न वाचता ट्रॅकवर येताय? या चुका टाळा

जळगाव, भुसावळ, धुळे, शिरपूर या पट्ट्यात आरसी, म्हणजे रिमोटवर चालणाऱ्या छोट्या गाड्या पळवणारी पोरं आता दिसू लागली आहेत. कुणाच्या मळ्याशेजारी, कुणाच्या रिकाम्या प्लॉटवर काळ्या मातीचा ट्रॅक होतो, उड्या बांधल्या जातात, धूळ दाबायला टँकर येतो. अशा शर्यतींत मी बहुतेक वेळा तपासणीच्या टेबलावर बसतो. गाड्या दरवर्षी महाग होत चालल्या आहेत, पण टेबलावर येणाऱ्या चुका त्याच आहेत. त्यातली एकही चूक गाडी चालवता न येण्याची नसते. नियम वाचलेले नसतात, एवढंच.

नियम काही लपवलेले नाहीत. अमेरिकेतली रोअर ही संघटना १९६७ पासून आहे, युरोपातली एफ्रा १९७३ पासून आणि जागतिक संघटना आयफमार १९७९ पासून. आपल्याकडच्या छोट्या शर्यतींचे नियम यांच्याच पुस्तकांतून, आपल्या सोयीनं थोडे कापून-जोडून घेतलेले असतात. मूळ पुस्तकं इंटरनेटवर फुकट मिळतात. पन्नास हजारांची गाडी घेणाऱ्यानं एक संध्याकाळ त्यांना द्यायला काय हरकत आहे?

गाडी आधी, क्लास नंतर

व्हिडिओत ताशी ऐंशीचा वेग बघून पोरगं थ्री-एस, म्हणजे तीन सेलच्या बॅटरीवर पळणारी तयार गाडी घेतं आणि शर्यतीच्या सकाळी विचारतं, "दादा, ही कशात बसंल?" वन-टेन, म्हणजे एक-दशांश मापाच्या इलेक्ट्रिक गाड्यांच्या बहुतेक क्लासना, म्हणजे शर्यतीच्या गटांना, टू-एसची मर्यादा असते, त्यामुळे ती कशातच बसत नाही. स्टॉक, म्हणजे मोटर ठरवून दिलेल्या क्लासला १७.५ टर्नची (तारेच्या वेढ्यांची) मोटर लागते आणि ईएससी (मोटरचा वेग सांभाळणारं यंत्र) ब्लिंकी मोडवर, म्हणजे मोटर जास्त पळवणारं टायमिंग शून्यावर. ईएससीचा दिवा लुकलुकताना दिसला पाहिजे, कारण तपासणारा तोच बघतो. नवख्यानं स्टॉकमध्येच दोन हंगाम काढावेत, असं माझं स्पष्ट मत आहे. मॉडिफाइडमध्ये, म्हणजे जास्त ताकदीच्या मोटरच्या क्लासमध्ये, थेट उडी मारणाऱ्यांचा निम्मा दिवस तुटलेले सस्पेन्शनचे आर्म बदलण्यात जातो.

"चार्जर ८.४० दाखवतो ना!"

हे वाक्य ऐकलं की मला पुढचा अर्धा तास दिसायला लागतो.

लायपोचा, म्हणजे लिथियम पॉलिमर बॅटरीचा एक सेल पूर्ण भरला की ४.२० व्होल्ट, म्हणजे टू-एसचे ८.४० आणि फोर-एसचे १६.८०. नियम त्याच आकड्यावर थांबतो. ८.४१ म्हणजे जास्त. मोजायचं ते संयोजकांच्या मीटरवर. तुमच्या चार्जरचा पडदा काय म्हणतो याला तिथे किंमत नाही.

एका मे महिन्यात चाळीसगावकडचा एक मुलगा आला होता. हात चांगला, गाडी नीट, सरावात सगळ्यांत पुढे. लाइट गेलेली, म्हणून त्यानं वडिलांच्या गाडीच्या बॅटरीवर चार्जर लावला होता. चार्जर स्वस्तातला, आणि तो कधी कुठल्या चांगल्या मीटरशी ताडून बघितलेला नव्हता. चार्जिंग संपल्याबरोबर प्लग काढून तो धावत टेबलावर आला. आमच्या मीटरवर आकडा उमटला ८.४४. पुन्हा मोजलं, तेवढाच. वडील पुढे आले. "कितलासा फरक शे भो, जाऊ द्या ना." माणूस रागावलेला नव्हता, पोरासाठी कळवळून बोलत होता. पण मागे रांगेत नऊ जण उभे होते आणि प्रत्येकानं आपली बॅटरी ८.४० च्या आत ठेवून आणली होती. त्या मुलाला ती फेरी सोडावी लागली. बॅटरीचा व्होल्टेज खाली आणून तो पुढच्या फेरीत पळाला, पण तोपर्यंत अंतिम फेरीची गणितं ठरत आली होती.

माझी सवय सांगतो. चार्जरमध्ये शेवटचा व्होल्टेज बदलता येत असेल तर मी सेलला ४.१९ लावतो. गमावलेला तो शतांश ट्रॅकवर कुणालाही जाणवत नाही. सकाळी पहिलं काम म्हणजे बॅटरी घेऊन टेबलावर जायचं, त्यांच्या मीटरवर मोजायची, आपल्या मल्टिमीटरवर मोजायची आणि फरक टेपच्या तुकड्यावर लिहून चार्जरला चिकटवायचा. चार्जिंग संपलं की पाच मिनिटं थांबायचं, कारण तारेवरून नुकत्याच काढलेल्या बॅटरीचा आकडा जरा वर असतो. हे पाच मिनिटांचं थांबणंच पोरांना जमत नाही. मुद्दाम जास्त भरून "बघू, चालून जाईल" म्हणणारेही भेटतात. त्यांना नियम समजावत बसू नये, फेरी कापावी.

आपल्या उन्हाचंही बघा. मे महिन्यात जळगावचा पारा पंचेचाळिसाला भिडतो. बॅटरी डिकीत किंवा पत्र्याखाली ठेवलीत तर ती वापरण्याआधीच तापलेली असते. फुगलेली बॅटरी, केसला तडा गेलेली बॅटरी, टेबलावर आणूच नका. हार्ड केस आणि लायपो बॅगेत चार्जिंग या अटी आगीमुळे आल्या आहेत. चार्जिंग लावून शेवभाजी खायला निघून जाणाऱ्याची तार मी स्वतः काढून ठेवतो.

मार्शलिंगला दांडी

तुमची फेरी संपली की पुढच्या फेरीला तुम्ही मार्शल. उलटलेली गाडी सरळ करून देणारा माणूस म्हणजे दुसऱ्या फेरीत पळून आलेला ड्रायव्हरच, जगभर हीच पद्धत आहे. आणि तरी फेरी संपली की पोरं सावलीला पळतात.

भुसावळजवळच्या एका शर्यतीत तिहेरी उडीनंतरचं वळण असंच रिकामं राहिलं. आघाडीवरची बग्गी (मातीवर पळणारी आरसी गाडी) तिथे पाठीवर पडली. चाकं वर, मोटर गप्प, ड्रायव्हर स्टँडवरून हाका मारतोय आणि जवळचा मार्शल पन्नास फुटांवर, मध्ये दोन गाड्यांची धुमश्चक्री. इलेक्ट्रिकची पात्रता फेरी असते पाच मिनिटांची. त्यात एवढा वेळ गेला की परत मिळत नाही. ज्याचं काहीच चुकलं नव्हतं त्याची फेरी गेली. दांडी मारणारा रसाच्या गाडीवर सापडला. त्याची सर्वांत चांगली पात्रता फेरी रद्द केली, तेव्हा म्हणाला, "इतली मोठी शिक्षा?" हो, एवढीच मोठी. शिक्षा हलकी ठेवली तर ऊन कडक झाल्यावर एकही वळण भरत नाही.

मार्शल म्हणून उभं राहायचं ते बूट घालून. आपल्याकडे उन्हाळ्यात सगळे चपलांवर येतात, पण वन-एट, म्हणजे एक-अष्टमांश मापाची बग्गी तीन किलोच्या वर असते आणि ती घोट्यावर आदळली की माणूस दिवसभर लंगडतो. मोबाइल खिशात. येणाऱ्या गाड्या बघितल्याशिवाय ट्रॅकवर पाय नाही. गाडी चेसिसच्या कडेनं धरा, चाकाला हात लावू नका, आणि तिथल्या तिथे, पळण्याच्या दिशेनं ठेवा. तुटली असेल तर बाहेर काढा, दुरुस्त करत बसू नका. आणि स्टँडवरच्यांनो, गाडी उलटली की थ्रॉटल सोडा. मार्शलवर ओरडणाऱ्याला पहिल्यांदा ताकीद मिळते, दुसऱ्यांदा दंड.

बाकीचं थोडक्यात

ट्रान्सपॉन्डर, म्हणजे लॅप मोजायला गाडीत बसवायची चकती, आडवा, चेसिसमध्ये खाली आणि मोटरच्या तारांपासून लांब बसवा. कार्बन किंवा धातूच्या पट्टीखाली दडवला की लॅप मोजले जात नाहीत. मित्राची गाडी उसनी घेतलीत तर नंबर आधी नोंदवून घ्या, नाहीतर तुमचे लॅप त्याच्या नावावर पडतील.

फेल-सेफ, म्हणजे सिग्नल तुटला की थ्रॉटल सोडणारी सोय, तपासा: चाकं अधांतरी ठेवून ट्रान्समीटर बंद करा, थ्रॉटल सुटलाच पाहिजे. २.४ गिगाहर्ट्‌झ आल्यापासून फ्रिक्वेन्सी ठरवणाऱ्या क्रिस्टलची भांडणं मिटली, तसा हा सरावही पोरं विसरली. नायट्रोवाल्यांनी, म्हणजे इंधनाच्या इंजिनवाल्यांनी, तर तो टाळूच नये.

नायट्रो वन-एटला इंजिन ३.५ सीसी आणि इंधन १२५ सीसी. त्या १२५ मध्ये टाकीबरोबर कार्ब्युरेटरपर्यंतची नळी आणि फिल्टरही धरतात.

शॉर्टकट घेतला गेला तर थांबा आणि सुटलात तिथूनच परत या. "कुणी बघितलं नाही" हा बचाव मला सहन होत नाही. निळा झेंडा किंवा तुमच्या नंबरची हाक आली की पुढच्या सोयीच्या जागी एक लॅप पुढे असलेल्याला वाट द्या. वळणात मध्येच ब्रेक मारून देऊ नका, त्यानं दोघंही पडता.

फेरी संपल्यावर गाडी सरळ तपासणीच्या टेबलावर. मोटर तापली म्हणून वाटेत पंखा लावणं, बॅटरी काढणं, बॉडी उचलणं, सगळं नंतर. वाटेत हात लावलेली गाडी तपासता येत नाही, आणि न तपासलेल्या गाडीचा निकाल धरत नाहीत.

हरकत असेल तर ती कागदावर, ठरलेल्या वेळेत, शुल्क भरून रेस डायरेक्टरकडे द्यायची, नियमाच्या कलमाचा नंबर घालून. स्टँडवरून केलेला आरडाओरडा आणि भावानं मोबाइलवर काढलेला व्हिडिओ हरकत म्हणून धरला जात नाही. कलमाचा नंबर लिहायचा तर पुस्तक सोबत लागतं. मोबाइलमध्ये आधीच उतरवून ठेवा, ट्रॅकवर रेंज मिळेलच असं नाही.