उन्हाळ्यात टायरची हवा कमी करू नका, बरोबर हवा अशी चेक करा

एप्रिल लागला की आपल्याकडं लई जण चारचाकीच्या टायरमधली हवा दोन-चार पॉईंटनं कमी करायलेत, का तर म्हणे उन्हानं हवा फुगते अन् टायर फुटतो. हवा फुगते हे खरंय, पण टायर फुटायला जास्त करून कमी हवाच कारण असते. कमी हवेचा टायर दबून पळतो, त्याची साईड प्रत्येक फेऱ्याला वाकते अन् परत सरळ होते, त्यानं आतून गरमी तयार होते, वरून परभणी-नांदेडचं ४२-४३ डिग्रीचं ऊन अन् खाली तापलेला रस्ता, अन् असा टायर घेऊन समृद्धीवर १२० नं सलग तासभर गाडी पळवायची म्हणजे घरच्यांच्या जिवाशी खेळ आहे.

हिशोब सोपाय. तापमान ५-६ डिग्री वाढलं की हवा साधारण १ पीएसआय, म्हणजे मीटरवरचा एक पॉईंट, वाढते, तेवढंच उतरलं की तेवढीच कमी होते. म्हणजे मे मध्ये सकाळी २७ डिग्रीला ३३ भरली तर दुपारी ४३ डिग्रीला नुसत्या उभ्या गाडीत ३५-३६ दिसणार, अन् गाडी पळवून आलात तर ३८-३९ सुद्धा. घाबरू नका, कंपनी ही वाढ धरूनच आकडा देते. पण पंपावरच्या पोरानं ३९ बघून हवा सोडली अन् ३३ वर आणली, तर दुसऱ्या दिवशी सकाळी २७-२८ च उरते! म्हणून गरम टायरची हवा कधीच सोडायची नाही.

चेक करायचं सकाळी, ऊन चढायच्या आत, गाडी किमान तीन तास उभी असली पाहिजे. पंप दोन किलोमीटरच्या आत असंल तर हळू नेली तरी चालतं. गाडीची एक बाजू उन्हात अन् एक सावलीत असंल तर दोन्हीकडचे आकडे वेगळे येतात, म्हणून सावलीतच बघा. आकडा कोणता धरायचा तर ड्रायव्हरचं दार उघडलं की खांबावर स्टिकर असतं तो, टायरवर मॅक्स म्हणून लिहिलेला नाही, ती टायरची शेवटची हद्द असते. सहकुटुंब तुळजापूरला सामानसुमान घेऊन निघालात तर त्याच स्टिकरवर फुल लोडचा आकडा वेगळा दिलेला असतो, मागच्या टायरला बहुतेक जास्त, तो धरा. माझं ऐकाल तर स्वतःचं एक डिजिटल गेज घ्याच, पंपावरच्या मीटरचा भरोसा नसतो.

वाटेतच टायर गरम असताना भरायची वेळ आली तर स्टिकरपेक्षा ३-४ जास्त ठेवा अन् दुसऱ्या दिवशी सकाळी थंड टायरवर नीट करा.

थंडीत उलटं होतं अन् तिकडं कुणाचं ध्यानच नसतं. डिसेंबरात पारा १० च्या आसपास येतो, मे मध्ये भरलेली ३३ नुसत्या थंडीनंच ३० वर येते, शिवाय चांगल्या टायरमधून पण महिन्याला पॉईंटभर हवा जातेच. सकाळी डॅशबोर्डवर टायरचा लाईट लागतो अन् थोडं चालवलं की जातो, ते ह्याच्यामुळंच, तेव्हा लाईट गेला म्हणून सोडून देऊ नका, हवा भरा.

नायट्रोजन भरलाय म्हणून निवांत राहू नका, तो पण तापला की तेवढाच फुगतो. अन् स्टेपनी पण बघत चला, तिच्यात दोन-तीन पॉईंट जास्तच ठेवा, कमी करायला कधीपण येतात.